समुद्र दिसणारी खोली

४ ऑगस्ट

प्रिय आत्या,

बाबांनी फोनवर बातमी दिलीच असेल, पण ते रंगारी माणूस, पहिला हात मारून मोकळे होतात. दुसरा हात मी मारते.

लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर आहे. कमी बोलतो, समोरच्याचं ऐकून घेतो. वडील नाहीत. आई औषधांचं दुकान चालवतात, काउंटरवर स्वतः बसतात आणि गिऱ्हाइकाला औषधाआधी दोन प्रश्न विचारतात. मला पहिल्या भेटीत विचारलं, "शाळेत नागरिकशास्त्र शिकवतेस, मुलं ऐकतात का?" मी म्हटलं, "अर्धी ऐकतात." त्या म्हणाल्या, "म्हणजे खरं बोलतेस." मला फार बरं वाटलं.

आता मुद्दा, वाद घालते म्हणून तूच ठेवलेल्या 'बॅरिस्टर' नावाला शोभेल असा. परवा त्याने माझ्यासमोर तीन माहितीपत्रकं ठेवली आणि म्हणाला, "हनिमूनला परदेशात कुठे जायचं ते तू ठरव. मी आजवर पुलांचे खिळे सोडून काही निवडलेलं नाही." एकात बर्फाचे डोंगर आहेत. एकात कालव्यांचं शहर, पण तिथे पुलाखालून होडी गेली की हा मान वर करून खिळे मोजत बसणार. आणि तिसऱ्यात तुझं बेट! अकराव्या पानावर तुझंच हॉटेल, आत्या. पांढरी इमारत, पुढे समुद्र. मी बोटाने मजले मोजले आणि तुझ्या तिसऱ्यावर बोट ठेवून त्याला म्हटलं, "इथे."

सहा वर्षं झाली तुला बघून. आपल्या घरातून परदेशी गेलेली तू एकटी, आणि पदवी घेतलेली मी एकटी. पहिलं झालं नसतं तर दुसरं झालं नसतं, हे मला रोज आठवतं. मला त्याची आणि तुझी भेट घालून द्यायची आहे. तू खोल्या आवरतेस ते मला बघायचं आहे. परवा नववीच्या वर्गात श्रमप्रतिष्ठेचा धडा होता. पुस्तक मिटून मी मुलांना तुझ्याबद्दल सांगितलं. म्हणजे, माझ्या ओळखीच्या एका बाई आहेत, असं म्हणून सांगितलं.

तू रोज नवी जोडपी बघतेस. खरं सांग, तुझं बेट रोमँटिक आहे का?

तुझी,
बॅरिस्टर


२० ऑगस्ट

बॅरिस्टर,

तुझं पत्र कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या थप्पीवर बसून दोनदा वाचलं. इथे फोनवर बोलायचं तर मागे सहा जणी रांगेत उभ्या असतात आणि सातवी ऐकत असते, म्हणून पत्रच बरं.

रोमँटिकचं मला विचारलंस ते योग्यच केलंस. सहा वर्षं हनिमूनच्याच चादरी बदलते आहे. रोज चौदा खोल्या. प्रत्येक पलंगावर टॉवेलचे दोन हंस करायचे, चोचीला चोच लावून. त्यांच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. पाकळ्या कापडाच्या असतात, दुसऱ्या दिवशी गोळा करून धुवायच्या. सकाळी आत गेलं की एक हंस जमिनीवर आणि दुसऱ्याने कुणीतरी पाय पुसलेले. नवी जोडपी भांडतात ती दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी प्रवासाने दमलेली असतात. मागच्या आठवड्यात एक नवरी न्हाणीघरात बसून आईशी फोनवर रडत होती आणि नवरा बाहेर मला विचारत होता, इथे टीव्हीवर मॅच लागते का म्हणून.

तेव्हा आत्या म्हणून सांगते, बर्फात जा. थंडीत माणसं जवळ बसतात.

आता स्वार्थी बाई म्हणून सांगते, इथेच ये. कारण ऐक. आमच्याकडे असा नियम आहे की कामगाराचं रक्ताचं माणूस पाहुणा म्हणून येणार असेल तर ऑफिसात आधी फॉर्म भरून नोंद करायची. मग त्या दिवसांत आपल्याला दुसऱ्या कुठल्यातरी मजल्यावर पाठवतात, म्हणजे आपल्याच माणसाची खोली आपण आवरायची नाही. आणि एका संध्याकाळी सुट्टी. त्या संध्याकाळी आपल्या माणसांबरोबर पाहुण्यांच्या हॉलमध्ये बसून जेवायचं, स्वतःच्या कपड्यांत. वाढायला आमच्यातलीच पोरं असतात. माळीबुवांचा मुलगा आला होता तेव्हा ते बसले होते. महिनाभर त्याच टेबलाच्या गोष्टी सांगत होते. मी त्या हॉलमध्ये सहा वर्षांत एकदाही बसलेली नाही. गालिच्यावरचे डाग काढायला गेले आहे, ते सोड.

आणि ती तुझ्या ओळखीची बाई कोण ते मला कळव. मलाही भेटायला आवडेल तिला.

आत्या


८ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं हंसांचं पत्र वाचून इतकी हसले की बाबा ब्रश हातात घेऊन बाहेर आले. त्यांनाही वाचून दाखवलं. तुझं बोलणं ऐकताना ते नेहमी जमिनीकडे बघतात.

ओळखीच्या बाईंवरून टोमणा मारलास तो बरोबर होता. वर्गात खासगी गोष्टी काढायच्या नसतात एवढंच माझ्या मनात होतं.

ठरलं. तुझंच बेट. ९ ते १३ डिसेंबर. समुद्र दिसणारी खोली घेतली आहे. बर्फवाल्यांपेक्षा तुझी जाहिरातच भारी पडली, असं तो म्हणतो. त्याला तुला भेटायची फार उत्सुकता आहे.

एक गंमत सांगते. रविवारी त्यांच्या दुकानात गेले होते. सासूबाई (अजून व्हायच्या आहेत, पण म्हणून बघते) मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं वेगळी काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझी आत्या त्या हॉटेलात नेमकं काय करते?" दुकानात आणखी दोन बायका होत्या. त्यांतल्या एकीची मुलगी परदेशात डॉक्टर आहे आणि तिचं पुराण नुकतंच संपलं होतं. मी म्हटलं, "हॉटेल सांभाळते." सासूबाई म्हणाल्या, "हो का?" आणि पुन्हा गोळ्या काढायला लागल्या. त्यांना कौतुक वाटलं असावं, कारण नंतर बराच वेळ त्या माझ्याकडे बघत होत्या.

तसं ते खोटं नाही ना? तुम्ही सगळ्या नसाल तर ते हॉटेल एक दिवस तरी चालेल का?

तुझी,
बॅरिस्टर


२४ सप्टेंबर

बॅरिस्टर,

मी हॉटेल सांभाळते हे वाचल्यावर लगेच बाहेर जाऊन बघितलं. हॉटेल जागेवर होतं. माझ्याबरोबर खोल्या आवरणारी एक आहे, जिला आम्ही तोफ म्हणतो, तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग मालकीणबाई, माझ्या वाटणीचे संडास आज तुम्ही घ्या."

मजा राहू दे. दुकानात चार लोकांसमोर माणूस बोलून जातो. मीही इथे पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या भावाचा रंगाचा कारखाना आहे. पुढे मग ब्रश कोण धरतं म्हणून विचारलं तेव्हा खरं सांगितलं. कुणी मेलं नाही.

तुझं ते वाक्य टेबलावर बसल्यावर मिटवू. जेवताना या गोष्टी सोप्या जातात. तू सांग, नाहीतर मी सांगते. जावईबापू खिळे तपासणारा माणूस आहे, त्याला कच्चं काम चालायचं नाही.

फॉर्म आणला आहे. 'नातं' असं लिहिलेल्या जागी 'भावाची मुलगी' लिहिलं आणि खाली जागा उरली म्हणून 'शिक्षिका' असंही लिहिलं. ऑफिसातला कारकून म्हणाला, हे विचारलेलं नाही. मी म्हटलं, असू दे. पुढच्या आठवड्यात सहीला द्यायचा आहे. धुलाईतल्या शिंपिणीकडून निळा ड्रेस शिवून घेतला. पुढे खिसा ठेवू नकोस म्हणून तिला तीनदा बजावलं, रोजच्या कामाच्या झग्याला तो असतो ना. तोफ मला काट्याने जेवायला शिकवते आहे. ती स्वतः हाताने जेवते, पण शिकवते कडक.

खिडकीशेजारचं टेबल मागितलं आहे. तिथून माझा तिसरा मजला दिसत नाही, फक्त समुद्र दिसतो.

आत्या


१६ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तू फॉर्म सहीला दिला नसशील अशी आशा आहे. दिला असशील तर परत घेता येईल का? मला आधी सगळं सांगू दे आणि मग रागाव.

साखरपुड्याच्या जेवणाला त्यांच्याकडची चाळीस माणसं होती. त्याचा मामा मोठ्याने म्हणाला, "सुनबाईंची आत्या परदेशात हॉटेल चालवते म्हणे! मग आमची पण सोय लावा." ते वाक्य दुकानातून तिथवर कसं पोचलं कोण जाणे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाबा कोपऱ्यात हात धुवत होते, त्यांना ऐकू गेलं नाही. मी हसले. नुसती हसले, आत्या, हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. आणि मग तो म्हणाला की त्याला तुझं ऑफिस बघायचं आहे.

आता तिथे येऊन तू त्याला टेबलावर सांगितलंस तर तो मला काय समजेल? लग्नाच्या पाचव्या दिवशी? मला तुझी लाज वाटत नाही, हे तुला शपथेवर सांगते. मला लाज वाटते ती माझ्या त्या एका वाक्याची. ते वाक्य मला नीट, शांतपणे, घरी आल्यावर सोडवायचं आहे. तिथे नाही.

म्हणून विनंती. नोंद करू नकोस. चार दिवस रजा घे. मी त्याला सांगते की हॉटेलच्या दुसऱ्या शाखेत तुला अचानक जावं लागलं. मी गुपचूप तुला येऊन भेटेन, जिथे म्हणशील तिथे. आपण दोघी बसून पोटभर बोलू. टेबलावरचं जेवण मी तुला नंतर देईन, इथे, माझ्या घरी, माझ्या हाताने केलेलं. ते जास्त खरं असेल.

तुझ्याशिवाय हे मला दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं नसतं.

तुझी,
बॅरिस्टर


३१ ऑक्टोबर

बॅरिस्टर,

ठीक आहे. सही पुढे ढकलली गेली होती, म्हणून फॉर्म दिलेला नव्हता. फाडला.

डिसेंबरात रजा मिळत नाही, गर्दीचे दिवस असतात. समुद्र दिसणाऱ्या खोल्या सगळ्या तिसऱ्या मजल्यावर आहेत आणि तिसरा मजला माझा आहे. तेव्हा तुमची खोली मीच आवरणार.

असं कर. तो खोलीत असला की दारावर 'त्रास देऊ नये'ची पाटी लाव. पाटी नसेल तर मी आत येईन, म्हणजे खोलीत कुणी नाही असं मी समजेन. मी सकाळी दहाला जिन्याच्या बाजूने सुरुवात करते.

माझ्या दादाला, तुझ्या बाबांना, यातलं काही सांगू नकोस. त्याची तब्येत सांभाळ.

आत्या


२२ डिसेंबर

प्रिय आत्या,

आम्ही सुखरूप पोचलो. तुला लिहायला आठवडा लागला, कारण घरात पाहुणे होते आणि एकटी बसायला जागाच मिळाली नाही.

पहिल्या दिवशी दार उघडलं आणि पलंगावर हंस बघून तो "अरे वा" म्हणाला. मी ओळखलं की ते नेहमीचे नव्हते. दोनच नव्हते, मधे एक छोटासा तिसराही होता. मला रडू आलं. तो म्हणाला, "टॉवेल बघून रडणारी बायको मिळाली." मी म्हटलं, प्रवासाने डोळे चुरचुरताहेत.

सासूबाईंनी तुझ्यासाठी दिलेलं बांधलेलं खोकं मी तुझ्या ढकलगाडीवर चादरींखाली ठेवलं होतं, ते मिळालं ना? त्यात काय होतं मला माहीत नाही, त्यांनी चिकटपट्टी लावून दिलं होतं. त्याला मी सांगितलं की रिसेप्शनवर ठेवलं आहे.

कपड्यांच्या खोलीत आपण दोनदा भेटलो, ती दहा-दहा मिनिटं माझ्या या प्रवासातले सगळ्यात खरे क्षण होते. तू बारीक झाली आहेस. मला अजून बोलायचं होतं, पण तुझं सारखं दाराकडे लक्ष होतं.

तिसऱ्या दिवसाबद्दल. मी पाटी लावायला विसरले नव्हते, आत्या. लावली होती, वाऱ्याने पडली असावी. आम्ही बाल्कनीत होतो आणि तू टबाजवळ गुडघ्यांवर बसली होतीस. तो आत गेला आणि तुझ्याशी बोलायला लागला, मी बाल्कनीच्या दारातच थांबले. किती वर्षं इथे आहात, घरी कोण आहे, असं तो सगळ्यांनाच विचारतो. तू किती छान निभावलंस! एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. तो म्हणाला, "अगं, यांना काहीतरी दे ना, इतकं छान ठेवतात सगळं." मी पर्स उघडली. तू "थँक्यू, मॅडम" म्हणालीस ते इतकं सहज म्हणालीस की क्षणभर मलाच खरं वाटलं. नंतर तो म्हणाला, "या बाई ओळखीच्या वाटतात, नाक कुणासारखं तरी आहे." मी म्हटलं, सगळी नाकं सारखीच असतात.

पण मी शेवटी एक केलं. निघायच्या सकाळी तो सामान खाली नेत होता तेव्हा मी टेबलावरचं अभिप्रायाचं कार्ड घेतलं आणि त्यावर सगळं खरं लिहिलं. इंग्रजीत, नीट, दोन्ही बाजू भरून. की ही खोली आवरणारी बाई माझी सख्खी आत्या आहे, तिच्या कष्टावर मी शिकले, आणि तिच्यासारखी माणसं तुमच्याकडे आहेत हे तुमचं भाग्य आहे. खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली आणि रिसेप्शनच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर मला महिन्यात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. कुठेतरी ते लिहिलं गेलं याचं समाधान आहे.

तुझी,
बॅरिस्टर


७ जानेवारी

बॅरिस्टर,

पाटी पडली नव्हती. आमच्या दारांना खाच असते, वाऱ्याने पाटी हलतसुद्धा नाही. तू लावली नव्हतीस. विसरलीस, त्यात काही नाही. नवीन लग्न झालेली माणसं सगळं विसरतात. पण वाऱ्याचं नाव घेऊ नकोस.

खोकं पहिल्या दिवशीच मिळालं आणि पहिल्याच दिवशी उघडलं. आत गुडघ्यांना लावायच्या मलमाच्या सहा नळ्या होत्या, रबरी तळव्यांच्या सपाता होत्या आणि चिठ्ठी होती. चिठ्ठी तशीच उतरवून देते.

"तुमच्या भावाने पहिल्या भेटीतच, मुलं बाहेर गेली असताना, मला तुमच्याबद्दल सांगितलं. दिवसभर वाकून खोल्या आवरता म्हणाले. तुमच्यामुळे मुलगी शिकली हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मलम रात्री चोळून लावा, वर कापड बांधा. सपाता ओल्या फरशीवर घसरत नाहीत. तुमची भेट झाली की मुलाला म्हणावं फोटो पाठव. तुमची विहीण."

कळलं का? तुझ्या सासूबाईंना तू दुकानात जायच्या आधीपासून माहीत होतं. तुला त्यांनी विचारलं ते माहिती काढायला नाही.

हे मी तुला कपड्यांच्या खोलीत सांगू शकत होते. चिठ्ठी झग्याच्या खिशात होती. नाही सांगितलं. म्हटलं, बघू. चार दिवस आहेत. कुणी सांगितलं म्हणून नाही, आपणहून हिच्या तोंडून येतं का बघू. तिसऱ्या दिवशी जावई आत आला, चांगला माणूस आहे गं तो. माझ्याशी बोलायला फरशीवर उकिडवा बसला, वरून बोलला नाही. तू बाल्कनीच्या दारात होतीस. मी टब घासत होते आणि मनात म्हणत होते, आता. आता म्हणेल. मग तू पर्स उघडलीस.

नोट घेतली, कारण आमच्यात नोट नाकारली तर पाहुणा खाली तक्रार करतो. तुझ्याकडे बघितलं नाही ते निभावायचं म्हणून नाही. बघवलं नाही.

कार्डाचं तू लिहिलंस ते वाचून मी उभीच राहिले. बाई, ती कार्डं वाचतात. दर महिन्याच्या शेवटी मोठे साहेब स्वतः बसून वाचतात. नोंद न करता आपल्या माणसाला खोलीत ठेवणाऱ्या कामगाराला आमच्याकडे त्याच दिवशी काढतात. मागे कुणीतरी नातलगांना फुकट सोयी दिल्या होत्या तेव्हापासून हा नियम आहे. खालच्या मजल्यावरची एक मागच्या वर्षी अशीच गेली. हे मी ऑक्टोबरात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू येणंच रद्द केलं असतंस आणि मला तुला बघायचं होतं.

डिसेंबरची कार्डं अजून उघडलेली नाहीत. साहेब रजेवर आहेत.

आत्या


२१ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात होते. तिथेच उभ्यानं वाचलं आणि सासूबाईंच्या पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "माझ्या माहितीचा प्रश्न नव्हता. तू काय सांगतेस ते मला ऐकायचं होतं. म्हणून मुलालाही सांगितलं नाही." मग गिऱ्हाईक आलं. त्याला औषध देऊन, सुटे पैसे देऊन परत माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उद्या मी अंथरुणाला खिळले, तर मी कोण म्हणून सांगशील लोकांना?"

मी पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "मी त्यांच्यासमोर तुला नोट द्यायला लावली?" आणि उठून गच्चीवर गेला. आज आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. नाकाबद्दल मात्र एकदा म्हणाला, "मला वाटलंच होतं."

पण आता मी मागे हटणार नाही. मामांना फोन करून सांगितलं. नववीच्या वर्गात जाऊन सांगितलं की त्या ओळखीच्या बाई म्हणजे माझी आत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझी कशाला? मी तर पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं."

साहेबांना मी स्वतः पत्र लिहू का? सगळी चूक माझी आहे, तू मला वाचवायला गप्प राहिलीस, असं स्पष्ट लिहीन. आणि नोकरी गेलीच तर जाऊ दे, आत्या. खरं बोलल्यामुळे गेलेली नोकरी कमीपणाची नसते. तू इकडे ये. आमच्याकडे राहा. मी दारातच सगळ्यांना ओळख करून देईन.

तुझीच,
बॅरिस्टर


५ फेब्रुवारी

बॅरिस्टर,

साहेबांना पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील आणि टाकलं नसशील तर फाड.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मंगळवारी मला वर बोलावलं. साहेबांच्या टेबलावर तुझं कार्ड होतं. अक्षर मी लांबून ओळखलं, ओळी किती सरळ येतात तुझ्या. कारकुनाने सगळं मोठ्याने वाचलं. फार चांगलं लिहिलं आहेस. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी बोललेलं नाही, आणि मी ते हात मागे बांधून उभ्यानं ऐकलं.

साहेबांनी विचारलं, "ही तुझी भाची आहे?"

मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "मग हे असं का लिहिलंय?"

मी म्हटलं, "साहेब, नव्या नवऱ्या हळव्या असतात. मी त्यांच्याशी दोन शब्द गोड बोलले असेन. त्यांची कुणी आत्या असेल माझ्यासारखी, तिची आठवण आली असेल."

कारकुनाला माझा तो फॉर्म आठवत होता. 'शिक्षिका' लिहिलं होतं ना, म्हणून. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो काही बोलला नाही. त्याच्या घरी चार खाणारी तोंडं आहेत, त्याला कळतं. साहेबांनी विचारलं, तुझं नातलग कुणी आहे का जे असं इथे येऊन राहू शकेल? मी म्हटलं, आमच्यात कुणाची ऐपत नाही. त्यांना ते लगेच पटलं. कार्ड टोपलीत टाकलं आणि मला जायला सांगितलं. तिसरा मजला माझ्याकडेच राहिला आहे.

तुझं पत्र वाचलेलं असतानाही मी हे बोलले, तेव्हा ते न वाचता बोलले असं मनाला समजावू नकोस. वर्गात टाळ्या पडल्या त्याही मी वाचल्या होत्या. खरं बोलल्यामुळे गेलेली नोकरी कमीपणाची नसते असं तू लिहितेस. कमीपणाची नसेल, पण ती माझी असते. मला अजून सात वर्षं काम करायचं आहे. कुणाच्या दारात उभं राहून ओळख करून घ्यायला मी येणार नाही. तुला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते सांगून तुझं काहीच जाणार नव्हतं. मला ते परवडलं नाही.

जावयाला सांग, नोटेचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याने दिलीच नव्हती.

सासूबाईंना मी वेगळं लिहिलं आहे. मलम चांगलं आहे. दादाला मी महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करीन, तुझी खुशाली तो सांगेल.

आता एक शेवटचं, ते नीट ऐक. आमची टपालं आधी ऑफिसात जातात आणि कारकून ती वाटतो. कार्डावर तू जे नाव लिहून सही केलीस तेच नाव पाकिटाच्या मागे असतं. परवा कारकुनाने ते साहेबांसमोर मोठ्याने वाचलं आहे. म्हणून या पत्त्यावर पुन्हा लिहू नकोस. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

आत्या